कैरोचा ठराव आणि मुकादमाची वही

आमच्या भागात मोठी डॉक्टरीण कुणाला म्हणायचं हे ठरलेलं आहे. लातूरला नाहीतर संभाजीनगरला तीन मजली दवाखाना, सोनोग्राफीला सकाळी सातपासून नंबर, आणि पाहुण्यारावळ्यांत "बाईंच्या हाताला यश आहे" अशी ख्याती. जिनं स्टेथोस्कोप खुंटीला टांगला आणि फायलींपुढे जाऊन बसली, ती डॉक्टरीण लोकांच्या लेखी संपली. माझ्या एका वर्गमैत्रिणीचं असंच झालं. अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयात आम्ही बरोबर शिकलो, एकाच लेबर रूममध्ये रात्री काढल्या. तिचा हात माझ्यापेक्षा चांगला होता. पायाळू बाळ ती इतक्या शांतपणे काढायची की जुन्या सिस्टरही काम थांबवून बघत राहायच्या. आणि हीच पोरगी पुढं सार्वजनिक आरोग्याकडे वळली, दिल्लीला गेली, तिथून जिनिव्हाला, मग आफ्रिकेत. परळीत तिच्या आईला लोक विचारायचे, "पोरीचा दवाखाना कुठं हाय?" आई सांगायची, "दवाखाना नाही बाबा, ती मीटिंगा करते." ऐकणारा मान हलवायचा. एवढं शिकून मीटिंगा!

खरं सांगायचं तर बरीच वर्षं मीही मनातून तसंच म्हणत होते. इथं बाई टेबलावर रक्तात पडलेली असताना तिकडं परिच्छेद क्रमांक अमुकमधला शब्द बदलायचा की ठेवायचा यावर रात्र जागवणं, हे काय डॉक्टरकीचं काम? तिच्याशी या विषयावर माझी कितीतरी भांडणं झाली आहेत. अशाच एका भांडणात तिनं मला नफीस सादिक यांच्याबद्दल सांगितलं. "आधी ही बाई वाच, मग बोल," म्हणाली.

सादिकबाई मूळच्या आपल्याकडच्या. जन्म १९२९चा, उत्तर प्रदेशातल्या जौनपूरचा. वैद्यकीय शिक्षण कलकत्त्यात सुरू झालं, मध्ये फाळणी आली, आणि ते पुरं झालं कराचीच्या डाऊ मेडिकल कॉलेजात. वडील पुढं पाकिस्तानचे अर्थमंत्री झाले, म्हणजे घरचं सगळं बरं होतं, आणि हेही लक्षात ठेवायला हवं. गरिबाघरची पोरगी त्या काळात तिथवर पोचली नसती. अमेरिकेत बाल्टिमोरला स्त्रीरोग आणि प्रसूतीचं प्रशिक्षण घेऊन त्या परतल्या आणि १९५४ पासून जवळपास दहा वर्षं त्यांनी पाकिस्तानी सैन्याच्या दवाखान्यांत बायका-मुलांच्या वॉर्डात काम केलं. म्हणजे जवानांच्या बायका. वर्षाआड बाळंतपण, अंगात रक्त नाही, आणि "आता दोन वर्षं दिवस राहू देऊ नका" असं सांगितलं की समोरची बाई गप्प. ते तिच्या हातात असतं तर ना. इथं ओपीडीत बसणाऱ्या कुठल्याही डॉक्टरणीला ही गप्प राहणारी बाई ओळखीची आहे.

सादिकबाई तिथून नियोजन आयोगात गेल्या, मग पाकिस्तानच्या कुटुंबनियोजन परिषदेत, तिथं महासंचालक झाल्या. १९७१ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीत गेल्या आणि १९८७ मध्ये त्याच्या प्रमुख झाल्या. सदस्य देशांच्या ऐच्छिक वर्गणीवर चालणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या मोठ्या कार्यक्रमाची प्रमुख झालेली ही पहिली बाई. २००० साली निवृत्ती, २०२२च्या ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कला निधन. आपल्या मराठी पेपरांत त्या दिवशी काही आल्याचं माझ्या तरी वाचनात नाही.

या यादीतलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की ही बाई बाहेरून आलेली नव्हती. लोकसंख्या आवरायला निघालेल्यांच्याच घरातली होती. पाकिस्तानात सरकारी कार्यक्रम तिनंच चालवला. आणि ज्या संस्थेची ती पुढं प्रमुख झाली तिचं रेकॉर्ड काही धुतल्या तांदळासारखं नव्हतं. संयुक्त राष्ट्रांचा पहिला लोकसंख्या पुरस्कार १९८३ मध्ये दिला गेला तो इंदिरा गांधी आणि चीनचे कुटुंबनियोजन मंत्री छ्यान शिनझोंग यांना. आपल्याकडे आणीबाणी संपून सहा वर्षं झाली होती, तिकडं एक-मूल धोरण ऐन भरात होतं. हा पुरस्कार सादिकबाईंच्या आधीच्या प्रमुखांच्या काळातला. पण त्याही तेव्हा त्याच इमारतीत काम करत होत्या.

इकडं काय चाललं होतं? नव्वदीच्या सुरुवातीला मी बीड जिल्ह्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी होते. भिंतीवर काळा फळा, त्यावर खडूनं तीन रकाने: उद्दिष्ट, साध्य, टक्केवारी. दिवाळीपर्यंत कुणाला फिकीर नसायची. फेब्रुवारी लागला की पळापळ सुरू व्हायची. नर्सबाईला केसेस, तलाठ्याला केसेस, ग्रामसेवकाला, मास्तरला केसेस. "केस" म्हणजे जिला दोन-तीन लेकरं झालीत आणि जी कुटुंबनियोजनाच्या ऑपरेशनला तयार होईल अशी बाई. एकेका बाईवरून दोन खात्यांची माणसं माझ्या टेबलासमोर भांडलेली मी पाहिली आहेत. हिचं मन वळवलं आम्ही आणि नाव लागलं त्यांचं. पगारवाढ अडायची, बदलीची भीती असायची, त्यामुळं त्यांनाही किती दोष द्यायचा? मार्चअखेरच्या शिबिरात शाळेच्या वर्गात सतरंज्या टाकून बाया ओळीनं निजवलेल्या. टाक्याचं, बिनटाक्याचं. गडी माणसं बाहेर झाडाखाली.

गडी माणसं बाहेर का, त्यालाही इतिहास आहे. १९७६ मध्ये नसबंदीच्या सक्तीचं विधेयक मंजूर करणारं देशातलं पहिलं विधिमंडळ आपलं, महाराष्ट्राचं. तो कायदा अमलात आला नाही, पण त्या दोन वर्षांत देशभर गडी माणसांना धरून जे झालं त्याची दहशत बसली ती बसलीच. त्यानंतर कुठल्याच सरकारनं पुरुषाच्या वाटेला जायची हिंमत केली नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २१ मध्ये, महाराष्ट्रातल्या ४९ टक्के विवाहित बायकांचं ऑपरेशन झालेलं होतं. पुरुषांचा आकडा अर्धा टक्काही नाही. पुरुषाचं ऑपरेशन सोपं, पोट उघडावं लागत नाही, तासाभरात माणूस घरी जातो. हे मी आयुष्यभर सांगत आले आणि आयुष्यभर समोरची सासू माझ्याकडे मी काहीतरी अभद्र बोलल्यासारखी बघत आली.

त्या शिबिरात एखादी बाई हळूच म्हणायची, "बाई, अंगावरून पांढरं जायलंय, कंबर लई दुखायलीय." तिला द्यायला माझ्याकडे गोळ्या नसायच्या आणि फळ्यावर तिच्या दुखण्याला रकाना नव्हता. डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत ६५० बायका तपासल्या आणि १९८९ मध्ये तो अभ्यास 'लॅन्सेट'मध्ये आला: ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार, आणि त्याआधी कधी तपासणी झालेल्या फक्त ८ टक्के. मी तो वाचला तेव्हा माझी पहिली प्रतिक्रिया चकित होण्याची नव्हती. यात नवीन काय, असं वाटलं. माझी मैत्रीण मात्र तो कागद घेऊन वसतिगृहाच्या गच्चीवर येरझाऱ्या घालत होती. "अगं, हे आपल्याला सगळ्यांना माहीत होतं. पण मोजलं कुणी? हिनं मोजलं." तिचं वळण तिथंच ठरलं असावं, असं मला आता वाटतं.

सप्टेंबर १९९४ मध्ये कैरोला लोकसंख्येवर जागतिक परिषद भरली. तिच्या महासचिव सादिकबाई. त्याआधी मार्चमध्ये त्या व्हॅटिकनला जाऊन पोप जॉन पॉल दुसरे यांना भेटल्या होत्या. भेट कडाक्याची झाली, कुणीच मागं हटलं नाही. परिषदेवर एकीकडून व्हॅटिकन नाराज, दुसरीकडून काही मुस्लिम देश आलेच नाहीत, आणि मध्ये मुस्लिम घरातली ही डॉक्टरीण साडी नेसून व्यासपीठावर. १७९ देशांनी शेवटी कृती कार्यक्रम मान्य केला. गर्भपाताच्या मुद्द्यावर बरीच माघार घ्यावी लागली: कुटुंबनियोजनाची पद्धत म्हणून गर्भपाताला कुठंही प्रोत्साहन देऊ नये, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. आपल्याकडे वैद्यकीय गर्भपाताचा कायदा १९७१चा, म्हणजे त्या बाबतीत आपण कैरोच्या पुढं होतो. पैशांचं आश्वासन मोठं होतं, २००० सालापर्यंत वर्षाला १७ अब्ज डॉलर. श्रीमंत देशांनी आपला वाटा पुरा दिला नाही.

पण सातव्या प्रकरणात एक गोष्ट आहे जिच्यासाठी मी मैत्रिणीला तिच्या सगळ्या मीटिंगा माफ केल्या. सरकारला लोकसंख्येचं जे काही उद्दिष्ट ठेवायचं असेल ते ठेवावं, पण ते सेवा देणाऱ्या कर्मचाऱ्यावर टार्गेट किंवा कोटा म्हणून लादू नये. एप्रिल १९९६ पासून भारतानं देशभर टार्गेट बंद केली. परिपत्रक आमच्या केंद्रात आलं तेव्हा मी वाचून दाखवलं. नर्सबाई थोडा वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, "मग म्याडम, आता काम काय करायचं?"

या प्रश्नावर मी हसले होते. नंतर बरेच दिवस तो डोक्यात राहिला. तिला उत्तर देण्यासाठी बरंच काही हवं होतं: गोळ्या, तपासायला पडदा असलेली जागा, बाईशी बोलायला वेळ. ते हळूहळू आणि अर्धवट आलं. प्रजनन व बालआरोग्य कार्यक्रम १९९७ मध्ये आला, आशाताई २००५ नंतर. फळा पुसला गेला, पण लगेच "अपेक्षित साध्य पातळी" नावाचा तक्ता आला आणि सगळ्यांना कळलं की हे तेच आहे. २००१ नंतर महाराष्ट्रात तिसरं मूल झालं की ग्रामपंचायतीला उभं राहता येईना. आरक्षणामुळं पहिल्यांदाच निवडणुकीला उभ्या राहू लागलेल्या बायकांच्या पायात तो नियम अडकला, ज्यांना तिसरं मूल हवं की नको हे कधी कुणी विचारलंच नव्हतं. २०१४च्या नोव्हेंबरमध्ये छत्तीसगडमध्ये बिलासपूरजवळ एका शिबिरात ८३ बायकांची ऑपरेशनं झाली आणि १३ जणी दगावल्या. कैरोला वीस वर्षं झाली होती.

मैत्रीण म्हणते, असं म्हणून तू सगळ्यावर पाणी फिरवतेस. तिचंही बरोबर आहे. बाळंतपणात मरणाऱ्या बायकांचं प्रमाण महाराष्ट्रात २०१८ ते २० मध्ये लाखाला ३३ वर आलं होतं. आम्ही शिकत होतो तेव्हा झटके आलेली बाई बैलगाडीतून यायची आणि पुष्कळदा परत जायची नाही. हे आपोआप घडलेलं नाही. मैत्रिणीचा स्वतःचा विषय बाळंतपणानंतरचा रक्तस्राव. किती रक्त गेलं ते आम्ही नजरेनं ठरवायचो, आणि नजर नेहमी कमीच सांगते. बेळगाव जिल्ह्यातल्या अभ्यासात बाळंतिणीखाली खुणा केलेली प्लास्टिकची पिशवी अडकवून रक्त मोजलं, गावातल्या नर्सबाईंनी मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या दिल्या, आणि रक्तस्राव १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आला. २००६चा तो अभ्यास. तशीच मोजपट्टीची पिशवी पुढं केनिया, नायजेरिया, टांझानिया, दक्षिण आफ्रिकेतल्या मोठ्या अभ्यासात वापरली गेली. वेळेत मोजून एकदम सगळे उपचार केल्यानं गंभीर रक्तस्राव ६० टक्क्यांनी घटल्याचं २०२३ मध्ये छापून आलं. तिनं मला तिथल्या एका लेबर रूमचा फोटो पाठवला होता. खाली लिहिलं होतं, "बघ, बेळगावची पिशवी."

इथवर आमचं जमतं. भांडण पुढं आहे.

माझ्या ओपीडीत दसऱ्याच्या आधी एक गर्दी असते. ऊसतोडीला निघायच्या आधीच्या बायका. कारखान्याला जाणाऱ्या जोडप्याला आमच्याकडे एक कोयता म्हणतात. नवराबायको मिळून एक. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, लाखाच्या घरात, ती फेडायला पाच-सहा महिने फडात राबायचं. पहाटे चारला उठायचं, कोपीत संडास नाही, न्हाणी नाही, पाणी कुठून तरी डोक्यावर आणायचं. पाळीच्या दिवसांतही मोळ्या डोक्यावर घेऊन शिडीवरून ट्रकवर चढायचं. एक दिवस बसली की खाडा पडतो आणि खाड्याचे पैसे मुकादमाच्या वहीत चढतात. अशी एक सत्तावीस-अठ्ठावीसची बाई येते, लग्न सोळाव्या वर्षी झालेलं, तीन लेकरं, ऑपरेशन विसाव्या वर्षी उरकलेलं. (लवकर लग्नाचं काही जुनं झालेलं नाही. कुटुंब आरोग्य पाहणीच्या त्याच पाचव्या फेरीत परभणीत २० ते २४ वयाच्या ४८ टक्के बायकांची लग्नं अठराच्या आत झालेली निघाली. बीडमध्येही आकडा चाळीसच्या वरच.) ती सांगते, "म्याडम, पिशवी काढून टाका." पिशवी म्हणजे गर्भपिशवी.

"काय होतंय?"

"लई जातंय. पोटात दुखायलंय. दर महिन्याला दोन-तीन खाडे पडायलेत."

तपासलं तर साधा जंतुसंसर्ग असतो. एखादीचं ऑपरेशन झालेलं नसतं, तांबी बसवलेली असते आणि तिच्यानं रक्त जास्त जात असतं. कधी काहीच नसतं, फक्त हिमोग्लोबिन सातवर. मी सांगते, औषधानं बरं होईल, या वयात पिशवी काढू नये, बीजकोश काढले तर हाडं ठिसूळ होतील, अंगाची आग होईल, तिशीतच म्हातारपण येईल. ती ऐकून घेते. मग म्हणते, "पर औषध फडात कोण देणार? आन् तुमी नाय काढली तर दुसरं कोनी काढीलच की." काढतातही. कॅन्सर होईल अशी भीती घालून काढणारे आमच्याच व्यवसायातले आहेत.

२०१९ मध्ये हे सगळं गाजलं. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारी समिती बसली. बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली, त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. म्हणजे सुमारे १७ टक्के. देशपातळीवर हा आकडा तीन टक्क्यांच्या आसपास आहे. वयोगट सारखे नसल्यानं तुलना सरळ होत नाही, पण वयोगटानं एवढा फरक पडत नाही. त्यानंतर जिल्ह्यात पिशवी काढायला सिव्हिल सर्जनची परवानगी लागू झाली. मला तो नियम योग्यच वाटला. पहिल्याच हंगामात एकीनं मला विचारलं, "शेजारच्या जिल्ह्यात लागती का परवानगी?"

मैत्रिणीला मी हे फोनवर सांगितलं आणि विचारलं, आता सांग. तुमच्या कैरोनं म्हटलं की बाईला विचारा, तिचं शरीर, तिची निवड. मी विचारलं. कुणी तिला शिबिरात ओढून आणलेली नाही, नर्सबाईच्या मागं टार्गेट नाही, नवरा बाहेर चहा पितोय, सासू गावी आहे. तिनं हिशोब मांडलाय आणि ती स्वतःच्या तोंडानं पिशवी काढा म्हणतेय. ही निवड मानायची का?

बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, त्याच दस्तऐवजात बायकांच्या कामाबद्दल, मजुरीबद्दल, पाण्याबद्दलही लिहिलेलं आहे, लोक फक्त सातवं प्रकरण वाचतात. मी म्हटलं, असेल. पण सरकारनं सही केली होती, मुकादमानं नव्हती. माझ्या मते सादिकबाईंच्या आयुष्यभराच्या कामाची हद्द इथं लागते. त्यांनी सरकारच्या हातातून खडू काढून घेतला, आणि हे लहान काम नव्हतं. त्या फळ्याखाली मी काम केलंय. पण बाईच्या पोटाचा हिशोब ठेवणारं सरकार एकटंच आहे असं त्यात धरलेलं होतं. इथं तो हिशोब मुकादमाच्या वहीत आहे, आणि कारखाना म्हणतो ती बाई आमची कामगारच नाही, आमचा व्यवहार मुकादमाशी.

यावर मैत्रीण चिडली. "मग काय करायचं? सादिकबाईंनी मुकादमाच्या दारात जायचं होतं का?" नाही. पण कुणीतरी जायला हवं, आणि ते डॉक्टरचं काम नाही असं म्हणून मला मोकळं होता येत नाही, कारण तिच्या मीटिंगांना मी इतकी वर्षं हेच म्हणत होते.

तेव्हापासून माझ्या केसपेपरवर पाळीच्या इतिहासाखाली चार ओळी जास्तीच्या छापल्या आहेत: या हंगामात खाडे किती, खाड्याचे किती कापले, पाणी किती लांब, संडास आहे का. माझ्या हाताखालची नवी डॉक्टर सुरुवातीला म्हणाली, मॅडम, यात क्लिनिकल काय आहे? मी म्हटलं, भर आधी. आता ती न सांगता भरते, आणि कधी कधी मुकादमाला फोनही लावते, जे मला कधी सुचलं नव्हतं. पाळीच्या दोन दिवसांचा खाडा धरू नका, मी लेखी देते, असं सांगते. बहुतेक जण फोन ठेवून देतात. दोघातिघांनी ऐकलं. मैत्रीण यंदा निवृत्त झाली, लातूरला घर घेतलंय. ते कागद मागतेय, नावं काढून टाकून. हंगामाआधी एकदा साखर आयुक्तांना पुण्यात भेटायचं म्हणते. म्हणजे पुन्हा मीटिंगच. या वेळी मलाही नेणार आहे.